दगडाचा पत्ता

आमच्या आजोळी देवघरात एक शाळिग्राम होता. काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा. एका बाजूने थोडा फुटलेला आणि त्या फुटलेल्या जागी आत चक्र दिसायचं. आजी रोज त्याला आंघोळ घालायची, वर तुळशीचं पान ठेवायची. "गंडकीचा आहे हो, तुझ्या पणजोबांनी काशीहून आणलेला," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गंडकी ही काशीतलीच एखादी गल्ली असावी असं मला बरीच वर्षं वाटत होतं :)

पुढे एम.एस्सी.ला भूशास्त्र घेतलं. पहिल्याच टर्ममध्ये प्रॅक्टिकलला सरांनी लाकडी ट्रेमधून एक अमोनाइट काढून टेबलावर ठेवला आणि मी जवळजवळ ओरडलेच, "सर, हा तर आमचा शाळिग्राम!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर. शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच. नेपाळमध्ये काली गंडकीच्या खोऱ्यात सापडतात. तिथे साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. पण तुमचा गंडकीचाच, हे कशावरून?"

मी म्हटलं, "आजी सांगते."

"आजीला कोणी सांगितलं?"

पणजोबांनी. आणि पणजोबांना? काशीच्या दुकानदाराने. त्याला? इथे मी गप्प बसले. सर म्हणाले, दगडावर वय वाचता येतं, प्राणी ओळखता येतो, पण तो कुठल्या डोंगरातून उचलला हे बरेचदा उचलणाराच सांगू शकतो. म्हणून फील्डबुक आधी, हातोडा नंतर.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी भाची. ती पुण्यात पीएच.डी. करतेय (भूशास्त्रात नाही, सुटली बिचारी). २०१९च्या शेवटी यूजीसीने पीएच.डी.च्या मुलांना 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' असा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा कोर्स सक्तीचा केला. तो तिने केलाय, मार्कही उत्तम आहेत. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, पेपर तयार आहे. गाइड म्हणतायत एचओडी सरांचं नाव घाल. सरांनी तो वाचलेलासुद्धा नाही. याला गिफ्ट ऑथरशिप म्हणतात, ती वाईट असते, हे मी परीक्षेत लिहून आलेय. पण आता करू काय?"

एका वाक्यात उत्तर देता येईना. मग मी तिला एक गोष्ट सांगायला लागले, तेवढ्यात तिची बस आली आणि गोष्ट अर्धीच राहिली. ती इथे पूर्ण लिहितेय. (ताई, तूही वाचशीलच. वाच, पण लगेच त्या सरांना फोन लावू नकोस.)

तर गोष्ट अशी. चंडीगडला पंजाब विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात विश्वजित गुप्ता नावाचे प्राध्यापक होते. साठच्या दशकापासून ते हिमालयातल्या जीवाश्मांवर लिहीत होते. काश्मीर, लाहौल-स्पिती, कुमाऊँ, नेपाळ... सगळीकडून त्यांना काही ना काही सापडत होतं. पंचवीसेक वर्षांत तीनशेच्या वर शोधनिबंध! आम्ही विद्यार्थी असताना हिमालयातल्या जुन्या थरांबद्दल, म्हणजे डेव्होनियन वगैरे चाळीस कोटी वर्षांच्या आसपासच्या काळाबद्दल, काहीही वाचायला घेतलं की संदर्भात हे नाव यायचंच. माझ्या वहीत एक तक्ता होता. डावीकडे ठिकाण, मध्ये जीवाश्म, उजवीकडे संदर्भ. उजवा रकाना बघायची गरजच नव्हती, 'गुप्ता' नाहीतर 'गुप्ता आणि इतर'. तो तक्ता मी पाठ केला होता, परीक्षेत काढला होता आणि त्याला पूर्ण मार्क पडले होते.

यातला मोठा भाग कोनोडाँट नावाच्या जीवाश्मांचा होता. कोनोडाँट म्हणजे ईल माशासारख्या दिसणाऱ्या एका नामशेष प्राण्याचे दातासारखे अवयव. आकार मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. चुनखडक सौम्य ॲसिडमध्ये विरघळवायचा आणि जो गाळ उरतो तो मायक्रोस्कोपखाली निवडत बसायचं. यांचे प्रकार काळानुसार भराभर बदलत गेले, त्यामुळे खडकाचं वय ठरवायला यांच्यासारखं साधन नाही. आणि ते इतके बारीक असतात की अख्खा संग्रह काडेपेटीत मावतो. हे शेवटचं लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलियात सिडनीला मॅक्वारी विद्यापीठात जॉन टॅलेंट नावाचे जीवाश्मतज्ज्ञ होते. त्यांनी स्वतः हिमालयात काम केलं होतं आणि गुप्तांनी लिहिलेलं त्यांना जमिनीवर दिसत नव्हतं. १९८७ मध्ये कॅनडात कॅलगरीला डेव्होनियन काळावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे टॅलेंटनी चित्रं शेजारीशेजारी दाखवली. गुप्तांनी हिमालयातले म्हणून छापलेले कोनोडाँट, आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक नावाच्या एका ओढ्याकाठचे, जे भूशास्त्राच्या जगात आधीपासून प्रसिद्ध होते. एकाच मुठीतून सांडल्यासारखे. मग गुप्तांचे हिमालयी गोनियाटाइट (शाळिग्रामाचे फार जुने चुलतभाऊ समजा) आणि मोरोक्कोत सहाराच्या काठावर एर्फूद गावाजवळ निघणारे. तेही तसेच. एर्फूदचा तर हा धंदाच आहे. दगड घासूनपुसून चकचकीत करतात आणि ते जगभरच्या दुकानांत विकायला जातात. सभागृहात खुद्द गुप्ता बसलेले होते.

पुढच्या वर्षी टॅलेंट आणि पिकेट हे ऑस्ट्रेलियन आणि गोयल व जैन हे भारतीय, अशा चौघांचा एक लांबलचक निबंध जर्मनीतून निघाला. तो तज्ज्ञांपुरता राहिला. गाजावाजा झाला तो एप्रिल १९८९ मध्ये, 'नेचर'मध्ये टॅलेंटचा लेख आला तेव्हा. 'भटक्या जीवाश्मांचं प्रकरण' अशा अर्थाचा मथळा होता. तोवर मी शिक्षण संपवून एका संस्थेत नोकरीला लागले होते. आमच्या लायब्ररीत 'नेचर' बोटीने यायचा, दोन-तीन महिने उशिरा. त्यामुळे आधी कँटीनमध्ये कुजबुज आली आणि अंक मागाहून. तो अंक हातात पडला तेव्हा मी उभ्याउभ्याच वाचला. वाचताना सारखा तो तक्ता डोळ्यासमोर येत होता. कुठल्या ओळी खोडायच्या? सगळ्याच?

एवढं काय बिघडलं, असं कोणी विचारेल. गेला एखादा ओढ्याचा दगड इकडून तिकडे. पण बघा. त्या काळी भारत कुठे होता, त्याच्या शेजारी कुठला समुद्र होता, तो समुद्र आजच्या अमेरिकेच्या किंवा आफ्रिकेच्या समुद्राला जोडलेला होता का, हे ठरवायचं तर कुठे कुठले प्राणी सापडतात हेच बघावं लागतं. न्यूयॉर्कचा प्राणी कुमाऊँत सापडला की नकाशावर दोन समुद्र जोडले जातात. मग दुसरा कोणीतरी त्या जोडलेल्या नकाशावरून तिसरा निष्कर्ष काढतो. तो माणूस पूर्ण प्रामाणिक असतो. गुप्तांचं नावही त्याच्या पेपरात शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतं. पंचवीस वर्षं हे चाललं होतं.

आता माझ्या भाचीच्या प्रश्नाकडे. एकट्या माणसाला इतकी वर्षं हे जमलं कसं? तर ते एकटे नव्हतेच मुळी. त्यांच्या पेपरांवर शंभराच्या वर सहलेखकांची नावं आहेत. त्यात युरोप-अमेरिकेतले नावाजलेले तज्ज्ञ आहेत. पद्धत साधी होती. गुप्ता जीवाश्म त्या-त्या विषयातल्या तज्ज्ञाला पाठवायचे किंवा नेऊन द्यायचे, कुठे सापडला ते सांगायचे. तज्ज्ञ तो ओळखायचा, त्याचं वर्णन लिहायचा. ते वर्णन उत्तम असायचं, कारण जीवाश्म खराच होता! खोटा होता तो फक्त पत्ता. पेपर दोघांच्या नावाने जायचा. जर्नलच्या संपादकाला तज्ज्ञाचं नाव दिसायचं, रेफरीला निर्दोष वर्णन दिसायचं. ठिकाणाबद्दल एक ओळ असायची, अमुक गावाच्या ईशान्येला तमुक किलोमीटर. ती ओळ तपासायला कोण जाणार? चौदा-पंधरा हजार फुटांवर, सीमेलगत, परदेशी माणसाला परवान्याशिवाय जाता येणार नाही असे भाग.

मला या तज्ज्ञांचा राग येत नाही, आणि येतोही. येत नाही, कारण विज्ञान असंच चालतं. तू फील्डमध्ये जा, मी मायक्रोस्कोपवर बसतो, एकमेकांच्या शब्दावर भरवसा ठेवू. न ठेवला तर एक पेपर लिहायला जन्म जाईल. राग येतो, कारण पेपरवर सही म्हणजे सगळ्या पेपरवर सही. 'वर्णनापुरती माझी, पत्त्यापुरती त्याची' अशी वाटणी कुठे छापलेली नसते. वाचणारा तज्ज्ञाचं नाव बघूनच पत्त्यावर विश्वास ठेवतो. सप्टेंबर १९८९ मध्ये 'नेचर'ने या वादावर पुन्हा जागा दिली. गुप्तांनी आरोप फेटाळले. त्याच अंकात फिलिप जान्व्हिए या फ्रेंच तज्ज्ञाने, जे प्राचीन माशांवर काम करायचे आणि गुप्तांचे सहलेखक राहिले होते, विश्वास कसा मोडला यावर लिहिलं. विभागातलेच अरुण दीप अहलुवालिया उघडपणे गुप्तांच्या विरुद्ध उभे राहिले. दुरून, सिडनीहून आरोप करणं वेगळं आणि रोज त्याच जिन्याने वर जाऊन त्याच कॉरिडॉरमध्ये बसणं वेगळं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम त्यांचं.

विद्यापीठाने चौकशी केली, एका निवृत्त न्यायाधीशांकडे ती सोपवली. गुप्ता दोषी ठरले. नोकरी गेली नाही. वेतनवाढी थांबल्या, अधिकाराची पदं मिळाली नाहीत, आणि २००२ मध्ये ते रीतसर निवृत्त झाले.

आणि ते तीनशे पेपर? यावर मी खूप वर्षं विचार केलाय. न्यायाधीश माणसाबद्दल निकाल देतात, पेपरांचं काय करायचं ते सांगत नाहीत. ते काम जर्नलांचं. पण त्यातल्या बहुतेक पेपरांवर जर्नलांनी 'मागे घेतला' असा शिक्का कधी मारला नाही. ते लायब्ररीत होते तसेच उभे राहिले. सफाई केली ती काही माणसांनी स्वतःहून. अमेरिकेतले गॅरी वेब्स्टर हे क्रिनॉइड, म्हणजे समुद्री कमळांसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे तज्ज्ञ. तेही गुप्तांचे सहलेखक होते. १९९१ मध्ये त्यांनी 'जर्नल ऑफ पॅलिऑन्टॉलॉजी'त गुप्तांच्या त्या गटातल्या पेपरांचा एकेक करून हिशेब मांडला. त्यात स्वतःचं नाव असलेले पेपरही होते. १९९३ मध्ये रेक्सरोड आणि टॅलेंट यांच्याबरोबर कोनोडाँटच्या पेपरांचा. यातलं काहीही वापरू नका, हा त्याचा मथितार्थ. आपण सही केलेल्या कागदावर आपणच फुली मारायची आणि ती त्याच जर्नलात छापून आणायची! मी हे वाचलं तेव्हा मला वेब्स्टर फार मोठे वाटले. अजूनही वाटतात.

जर्नलांनी हे का केलं नाही? आळस, भीती, कोर्टकचेरी, सगळं असेल. पण एक साधं कारण असं की तेव्हा संपादकाने काय करायचं याची ठरलेली रीतच नव्हती. संशय आला तर कोणाला विचारायचं? लेखकाला? लेखकाच्या कुलगुरूंना? मागे घ्यायचा तर कोणाच्या सहीने, कुठल्या पानावर? प्रत्येक संपादक आपापल्या खोलीत एकटा. शिवाय संपादक बहुधा त्याच विषयातला प्राध्यापक, आरोपीबरोबर परिषदेत जेवलेला.

ही रीत घडायला निमित्त झालं ते दगडांचं नाही, बायकांच्या डॉक्टरांचं. गोष्ट लंडनची. ऑगस्ट १९९४. 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनिकॉलॉजी'च्या एकाच अंकात माल्कम पिअर्स या डॉक्टरांचे दोन पेपर आले. एकात लिहिलं होतं की गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ त्यांनी उचलून गर्भाशयात ठेवला आणि बाळ सुखरूप जन्मलं. हे खरं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. अशा गर्भामुळे बायका मरतात, आणि गर्भ तर जातोच. दुसऱ्या पेपरात वारंवार गर्भपात होणाऱ्या १९१ स्त्रियांवर औषधाची चाचणी होती. इतक्या रुग्ण एका हॉस्पिटलात आल्या कधी, याचाच मेळ बसेना. त्याच सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या स्टीफन बाम्बर या कनिष्ठ डॉक्टरने शंका काढली. चौकशी झाली. गर्भ हलवल्याचं ते ऑपरेशन झालंच नव्हतं, आणि चाचणीचाही काही पुरावा मिळाला नाही.

पण खरी गंमत पहिल्या पेपरावरच्या नावांत होती. सहलेखकांत जेफ्री चेंबरलेन हे नाव होतं. हे त्या विभागाचे प्रमुख. हेच त्या जर्नलचे मुख्य संपादक. आणि हेच तेव्हा रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनिकॉलॉजिस्ट्सचे अध्यक्ष! पिअर्स स्वतः जर्नलच्या सहायक संपादकांपैकी एक होते. चेंबरलेन यांनी त्या कामाला हातही लावलेला नव्हता. विभागप्रमुखाचं नाव सौजन्य म्हणून घालतात, तसं घातलेलं. आपल्याकडे म्हणतात ना, 'सरांचं नाव घातलं की बरं दिसतं', तेच, फक्त इंग्रजीत. त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं, संपादकपदही. पिअर्स यांचं नाव १९९५ मध्ये डॉक्टरांच्या यादीतून काढण्यात आलं.

असं नाव घालू नये हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं असं मात्र नाही. वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला जमले होते. त्यांच्या गटाने १९८५ मध्येच लेखक कोणाला म्हणायचं याचे निकष लिहून ठेवले होते. निकष होते, ते पाळले जातायत की नाही हे बघणारं कोणी नव्हतं. पिअर्स प्रकरणानंतर ब्रिटनमधल्या काही संपादकांना वाटलं की हे एकेकट्याने झेपायचं नाही. 'गट'चे माइक फार्दिंग, 'बीएमजे'चे रिचर्ड स्मिथ, 'लॅन्सेट'चे रिचर्ड हॉर्टन वगैरे मंडळी १९९७ मध्ये एकत्र आली आणि 'कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स' सुरू झाली. आद्याक्षरांनी 'कोप'. (मराठीत हे नाव काय शोभतं!) सुरुवातीला ते फक्त एकमेकांना आपापली अवघड प्रकरणं सांगायचे, नावं झाकून. माझ्याकडे असा पेपर आलाय, आकडे फार गुळगुळीत आहेत, तुम्ही काय केलं असतंत? १९९९ मध्ये त्यांनी मार्गदर्शक सूचना छापल्या. २००९ मध्ये पेपर मागे कधी आणि कसा घ्यायचा याच्याही. त्यात एक गोष्ट मला आवडते. मागे घेण्याचा हेतू वाचकांना सावध करणं हा आहे, लेखकाला शिक्षा करणं हा नाही, असं तिथे स्पष्ट आहे. म्हणजे न्यायाधीशाचं काम वेगळं, संपादकाचं वेगळं. १९८९ मध्ये कोणी एवढंच ठरवून ठेवलं असतं तर त्या तीनशे पेपरांचं काहीतरी झालं असतं.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर घरातही कोणाला सांगितलेली नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्याकडे एका तालुक्यातल्या भूजलाचं काम होतं. वीस विहिरी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, पाण्याची पातळी मोजायची आणि नमुने आणायचे. माझ्याकडे नकाशा काढायचं काम होतं. पावसाळ्यानंतरच्या फेरीत मी जीपबरोबर होते. सात नंबरच्या विहिरीकडे जाणारा रस्ता ओढ्याने खचलेला होता. ड्रायव्हर म्हणाला, नाही जमायचं. परत फिरलो. पुन्हा जायचं ठरलं होतं.

डिसेंबरात पेपरचा मसुदा टेबलावर आला. लेखकांत तिसरं नाव माझं होतं. माझं पहिलंच छापील नाव! साहेबांनी मोठ्या मनाने घातलं होतं, नकाशा काढणाऱ्यांची नावं घालायची तिथे पद्धत नव्हती. मी तक्ता बघितला. सात नंबरपुढे पावसाळ्यानंतरची पातळी होती, एका दशांशापर्यंत. शेजारच्या सहा आणि आठ नंबरच्या बरोबर मधली.

कदाचित कोणीतरी नंतर जाऊन आलं असेल. खरंच असेल. माझ्यामागे फेऱ्या व्हायच्या, मला प्रत्येक माहीत नसे. विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर 'आत्ता आलेली पोरगी' असं झालं असतं, आणि कदाचित तिसरं नाव गेलं असतं. हेही कारण होतंच, लपवत नाही. त्याच लायब्ररीत, त्याच 'नेचर'च्या रॅकपासून दहा पावलांवर बसून मी प्रूफं तपासली. त्या तज्ज्ञांचा मला राग येतोही असं वर लिहिलंय, ते लिहिताना मला हे आठवत होतं.

त्या विहिरीने कोणाचं काही वाईट झालं असेल असं नाही. नकाशे जोडले गेले नाहीत, कोणी दगावलं नाही. पण तो पेपर अजून आहे, आणि मध्ये एकदा एका नव्या अहवालाच्या संदर्भात मी तो बघितला. कोणीतरी वीस विहिरींची सरासरी घेतली होती. वीस.

भाचीला हे सगळं पुरेसं नाही हे मला कळतं, कारण तिच्यावरचा दाब वेगळा आहे. आमच्या वेळी कमी पेपर असले तरी नोकरी टिकायची. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला गुण मोजायला लागले, पीएच.डी.ला पेपर सक्तीचे होते, मग पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०१७ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली, तर ती छत्री-जर्नलं यादीतच! पुण्याच्या विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांपैकी हजारेक जर्नलं तपासली, त्यातली ८८ टक्क्यांच्या वर निकषांत बसली नाहीत. ते 'करंट सायन्स'मध्ये २०१८ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ नावं एका फटक्यात काढली आणि वर्षअखेरीला 'केअर' नावाने नवी यादी करायचं काम सुरू झालं, तेही पुण्यातूनच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोडली. पीएच.डी.साठी पेपरची सक्ती २०२२च्या नियमांत काढली खरी, पण भाची म्हणते विभागात कोणी तसं वागत नाही. नियम जातो, सवय राहते.

काल रात्री तिचा पुन्हा फोन आला. पेपर चांगल्या जर्नलला पाठवतेय. ऑनलाइन फॉर्म भरत होती. आता बऱ्याच जर्नलांत प्रत्येक लेखकाच्या नावापुढे त्याने नेमकं काय केलं ते निवडावं लागतं, चौदा कामांची ठरलेली यादी असते. कल्पना, पद्धत, मोजमाप, विश्लेषण, पहिला मसुदा, निधी मिळवणं वगैरे. तिचं भरून झालं होतं, गाइडचंही.

"आणि एचओडी सर?"

"नाव टाकलंय. पण पुढे काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाहीये. चौदाही वाचली."

"मग?"

"सेव्ह करून ठेवलंय. उद्या त्यांच्याकडेच जाते. म्हणते, सर, यातलं कुठलं लिहू?"